पाऊल आणि शेजार

नव्या दिल्लीतील कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पायी अर्ध्या तासाच्या आत संपतो. ब्रिटिश अमदानीत त्याचे नाव कर्झन रोड असे होते. 1905 साली बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव जाऊन, 1944 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव तेथे लागले. परंतु नाव पालटल्याने रस्त्याचा स्वभाव लगेच पालटत नाही. माणूस चालतो तो स्वतःच्या इच्छेने, रस्त्याच्या रचनेमुळे, की सोबतीमुळे, हा प्रश्न आज शास्त्रज्ञ आकडे मांडून सोडवू पाहात आहेत. त्या प्रश्नाचा बराचसा इतिहास या एका रस्त्याच्या आसपास सापडतो.

1911 च्या दरबारात राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि 1931 साली नव्या दिल्लीचे रीतसर उद्घाटन झाले. एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर यांच्या या नगरीत कोणी कोठे राहावे हे हुद्दा, पगार आणि वंश यांवरून ठरले होते. वरिष्ठांना प्रशस्त आवारांचे बंगले मिळाले, तर कारकुनांना गोल मार्केटच्या बाजूच्या चाळवजा वसाहती. बंगल्यांच्या रस्त्यांवर सावली पुष्कळ होती. पण दुकान, देऊळ, पार, ओटा यांपैकी काही नव्हते. ज्या रस्त्यावर थांबून दोन शब्द बोलावे असे ठिकाणच नाही, तो रस्ता वाहनाचा होतो, पावलांचा होत नाही.

हेच सरकार उन्हाळ्यात सिमल्यास जाई. 1864 पासून ती उन्हाळी राजधानी होती. तेथील मॉल रस्त्यावर गाडी नेण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर या तिघांपुरताच होता. बाकीच्यांनी पायी, घोड्यावरून किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षातून जावे. त्यामुळे संध्याकाळची मॉलवरील फेरी हा तेथील सामाजिक जीवनाचा कणाच बनला. माणसे तीच, दप्तरे तीच. नियम आणि सोबत बदलली की पाऊल बदलते, हे त्यावरून दिसते. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. रिक्षा ओढणारा मजूरही त्याच वाटेने चालत होता. त्याचे चालणे आणि साहेबांची फेरी ही एकाच रकान्यात मांडली, तर बेरीज अचूक येईल आणि अर्थ मात्र चुकेल.

कर्झन रोडच्या इंडिया गेटकडील टोकास लट्यन्सनेच आखलेले बडोदा हाऊस उभे राहिले. आज तेथे उत्तर रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. 1875 पासून 1939 पर्यंत बडोद्याच्या गादीवर असलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात व्यायामाला मोठा आश्रय होता. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले, आणि तेथूनच दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत खंडशः प्रसिद्ध झाला. जोर, बैठका, मल्लखांब ही तालमीची बाह्य अंगे होत. तिचे खरे बळ वस्तादाच्या धाकात आणि सवंगड्यांच्या वाट पाहण्यात असते. पहाटे हाक मारणारा मित्र नसता, तर अनेक पोरांनी पांघरूण सोडले नसते. मराठी मुलखाला हे वारीनेही शिकविले आहे. एकट्याने अडीचशे किलोमीटर चालण्यास धजणारे थोडे. दिंडीबरोबर तेच अंतर चालणारे लाखो.

मग ही सोबत मोजावी कशी? 1953 साली जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली गाडीचे जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. चालण्याचा आणि आयुष्याचा संबंध त्यामुळे आकड्यांत आला. 2007 साली निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील 12,067 माणसांच्या 32 वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र स्थूल झाला की त्या माणसाची स्थूल होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नुसत्या शेजाऱ्याचा मात्र असा परिणाम दिसला नाही. भिंतीला भिंत असणे आणि मनाला मन असणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

यावर पुढच्याच वर्षी मार्मिक आक्षेप आला. तशाच पद्धतीने हिशेब केला असता मुरुमे, डोकेदुखी, इतकेच नव्हे तर उंचीसुद्धा मित्राकडून मित्राला ‘लागते’ असे दिसू लागले! मित्राच्या उंचीमुळे कोणी उंच होत नाही. सारखी माणसे एकमेकांना निवडतात. चालण्याची आवड असणारा चालणारे मित्र आणि चालण्याजोगी वस्ती शोधतो. निवड कोणती आणि परिणाम कोणता, हे वेगळे काढणे हीच या मापनातील खरी अडचण होय.

नेमक्या याच ठिकाणी दिल्लीचा इतिहास उपयोगी पडतो. सरकारी निवासस्थान बहुधा आवडीने मिळत नाही. ते श्रेणी आणि ज्येष्ठता पाहून वाटले जाते. शेजारी कोण असावा हे कोणी ठरवीत नाही, आणि बदलीचा हुकूम आला की तो शेजारही सुटतो. निवडीचा दोष कमी करणारी ही प्रयोगशाळाच म्हणावयास हवी. वाटपाच्या नोंदवहीत पगार आणि श्रेणी येत. घरमालकीण भाजीला कोणाबरोबर गेली किंवा संध्याकाळी कोणी कोणास हाक मारली, हे लिहिणे त्या नोंदवहीचे कामच नव्हते.

पुढे कस्तुरबा गांधी मार्गावर उंच कार्यालयीन इमारती आल्या. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू 1992 साली पुरी झाली, आणि 2013 मध्ये नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाले. 2005 च्या अखेरीस मेट्रो जवळच्या बाराखंबा मार्गापर्यंत पोहोचली, तेव्हा स्थानकापासून कचेरीपर्यंतचे अंतर पायी तोडणारा नवा पादचारी निर्माण झाला. 2011 च्या जनगणनेत माणूस कामावर किती अंतर आणि कोणत्या साधनाने जातो, हा प्रश्न विचारला गेला. पायी जाणाऱ्यांची गणना त्यामुळे झाली. पण तो हौसेने चालतो की भाड्याचे पैसे नाहीत म्हणून, एकटा चालतो की सोबतीने, हे त्या उत्तरात येत नाही.

हा भेद केवळ शास्त्राच्या सोयीचा नाही. दिल्लीच्या रस्त्यांवर अपघातात मरणाऱ्यांत पादचाऱ्यांची संख्या फार मोठी असते. हौसेच्या चालणाऱ्याला उद्यानातील वाट आणि दोन मित्र पुरतात. गरजेने चालणाऱ्याला अखंड पदपथ आणि सुरक्षितपणे ओलांडता येणारा चौक हवा असतो. दोघांची पावले एकाच बेरजेत टाकली, तर पहिल्यासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या नावावर जमा होईल. म्हणून पावले मोजणाऱ्याने आकड्याशेजारी आणखी दोन रकाने आखले पाहिजेत: बरोबर कोण होते, आणि न चालण्याची मुभा होती काय. एके काळी हुद्द्यावरून घरे वाटणाऱ्या या नगरीने आपल्या पादचाऱ्यांना निदान एवढा न्याय द्यावयास हवा.