कुंडलिकेच्या खोऱ्यातील पुरावा : तराजू, मोजपट्टी आणि प्रवाशाची वही

रोहे शहरालगत कुंडलिका नदीच्या काठी धाटाव हे गाव आहे. रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ते आज सर्वांस परिचित आहे. नमुना तपासणे, वजन नोंदविणे, नकाशा पाहून यंत्र बसविणे ही कामे ह्या भागातील तरुणांच्या नित्याची झाली आहेत. परंतु ह्याच तरुणांशी बौद्ध इतिहासाची गोष्ट काढली, तर तो कला शाखेच्या लोकांचा विषय आहे, आमचा नव्हे, असे उत्तर आम्हांस पुष्कळदा मिळते. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. भारतातील बौद्ध धम्माचा लोपलेला इतिहास ज्यांनी पुन्हा उजेडात आणला, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती आधी तराजू किंवा मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हाती एखाद्या जुन्या प्रवाशाचा वृत्तान्त होता. हे आम्ही शक्यतो ह्या खोऱ्याच्याच आधाराने दाखवू इच्छितो.

कुंडलिका धाटाव-रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तेथे चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे समुद्रमार्गाचे वर्णन लिहिले. त्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. कल्याणनंतरची बंदरे सांगताना तो सेमिल्ला, मंदगोरा, पालेपत्मे अशी नावे क्रमाने देतो. सेमिल्ला म्हणजे चौल, ह्याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुला' येथील दात्यांचा उल्लेख येतो, तेही हेच गाव. मंदगोरा म्हणजे रोह्याच्या दक्षिणेस राजपुरी खाडीच्या आतल्या अंगास असलेले मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींनी ते बाणकोटच्या बाजूस नेले आहे. पालेपत्मे महाडजवळच्या पाले गावाशी जोडले जाते. मांदाडच्या शेजारी कुडा येथे बौद्ध लेणी आहेत आणि पाले येथेही आहेत. बंदर आणि लेणी अशी ही जोडी पाहिली की प्रवाशाची वही आणि डोंगरातील दगड एकमेकांस साक्ष देऊ लागतात.

ही साक्ष वाचणारे प्रथम कोण होते? जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची शुद्धता तपासणारा अधिकारी होता. सांचीच्या कठड्यावरील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात, हे त्याच्या लक्षात आले. ती अक्षरे 'दानं' अशी असावीत हे त्याने ताडले, आणि 1837 साली ब्राह्मी लिपी वाचली गेली. ज्याने आयुष्यभर सोन्याचांदीचा कस पाहिला, त्याच्याच हातून सम्राट अशोकाचा आवाज पुन्हा ऐकू आला. अलेक्झांडर कनिंगहॅम हा बंगाल इंजिनिअर्स ह्या पलटणीतील अभियंता होता. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचे स्तानिस्लास ज्युलियॅं ह्याने केलेले फ्रेंच भाषांतर 1857-58 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कनिंगहॅमने सहा 'ली' म्हणजे एक मैल असे प्रमाण धरून त्या भिक्खूची पावले नकाशावर मोजली. जेथे अंतर किंवा दिशा जुळली नाही, तेथे त्याने मूळ ग्रंथातच चूक असावी असे धरून ती बदललीही. हा दोष लहान नव्हे. तथापि अनेक स्थळे त्या मोजणीतूनच सापडली, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्या मुंबई इलाख्यातही तसेच घडले. कान्हेरीच्या लेखांच्या प्रती काळजीपूर्वक उतरवून घेणारा ई. डब्ल्यू. वेस्ट हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा अभियंता होता. कुडा येथील लेख प्रसिद्ध करणारे जेम्स बर्जेस हे मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. ह्या दोघांचा पश्चिम भारतातील लेणी-लेखांचा संग्रह 1881 साली छापला गेला. ह्या मंडळींपैकी कित्येकजण परकीय सत्तेचे नोकर होते आणि त्यांच्या कामास राज्यकर्त्यांच्या सोयीची बाजू होती, हे आम्ही विसरत नाही. पण येथील ज्या विद्वत्परंपरेला संस्कृत ग्रंथ मुखोद्गत होते, तिने डोंगरातील ही अक्षरे शतकानुशतके वाचली नव्हती. लेणी पांडवांनी खोदली, एवढ्यावरच लोकांचे समाधान होते.

कुडा येथे अक्षरे वाचली गेली तेव्हा कोण भेटले? येथे सत्ता गाजविणारे महाभोज 'मांदव' खंदपालित भेटले. हे 'मांदव' बिरुद मांदाडच्या नावाशी जोडले जाते. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरी यादी. महाभोजांच्या पदरी असलेला शिवभूती हा लेखक, म्हणजे लिहिण्याचे काम करणारा मनुष्य, एका लेण्याचा दाता आहे. करहाकड, म्हणजे कऱ्हाड, येथील महिक हा लोखंडाचा व्यापारी घाट उतरून येथवर आला आणि त्याने लेणे दिले. माळीकाम करणाऱ्या उपासकांची नावे आहेत. श्रेष्ठी आहेत, तांडा हाकणारा सार्थवाह आहे. पदुमणिका ही पब्बजिता आपल्या शिष्येसह दान देते. भयिला नावाची ब्राह्मण स्त्री आपला उपासक पती अयितिलु ह्याच्या नावासह चैत्यगृहाची दात्री म्हणून उभी आहे. इसिरखित वैद्याचा पुत्र सोमदेव, तोही वैद्य, ह्याने मुलगे आणि मुली ह्यांची नावे कोरवून लेणे दिले. ह्या लेखांत तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो : देयधम. माळी, वैद्य, लोहार-बाजारातला व्यापारी आणि ब्राह्मण स्त्री ह्यांची दाने एकाच डोंगरात, एकाच शब्दाने नोंदली गेली आहेत. लेखकाच्या दानाला लहान शब्द आणि श्रेष्ठीच्या दानाला मोठा शब्द असा भेद तेथे नाही.

पोढी म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. कोठला थर घट्ट आहे, कोठे भेग आहे, पावसाळ्याचे पाणी कोणत्या उतारावरून उतरेल आणि ते आठ महिने कसे टिकेल, हे ओळखल्यावाचून टाके खोदता येत नाही. खोदणाऱ्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा ग्रंथ म्हणजे छिन्नीच्या खुणा. महाडजवळच्या पाले येथील लेखात कुमार काणभोअ वेण्हुपालित ह्याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे. पाणी हे तेव्हा दानाची वस्तू होते. त्याच पाल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी वसलेल्या महाडात 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने उचलून आपला मनुष्यपणाचा हक्क सांगावा लागला, आणि त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या आमच्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्याच 1927 साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली आणून भिरा येथील वीजगृह सुरू झाले. ते पाणी आज कुंडलिकेतून धाटाववरून वाहते. डोंगर ओलांडून पाणी आणण्याची विद्या ह्या देशाला अवगत झाली होती. तळ्याचा काठ मात्र ओलांडू दिला जात नव्हता.

हा अन्याय केव्हा सुरू झाला, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बाबासाहेबांनी कोणती साधने वापरली ते पाहण्यासारखे आहे. 'द अनटचेबल्स' हा त्यांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धान्त खोडण्यासाठी त्यांनी डॉ. घुर्ये ह्यांनी दिलेली शरीरमापनाची कोष्टके घेतली, आणि त्या मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य ह्यांच्यात वंशभेद दिसत नाही हे दाखविले. नाकाच्या मापावरून वंश ठरविण्याची ती पद्धत शास्त्राने पुढे टाकून दिली. परंतु बाबासाहेबांनी ती प्रतिपक्षाच्याच हातातून काढून घेऊन त्याच्यावर उलटविली होती, हे ध्यानात ठेवावे. काळ ठरविण्यासाठी ते चिनी भिक्खूंच्या प्रवासवर्णनांकडे वळले. फाहियानने चांडाळांविषयी लिहिलेले आहे, पण चांडाळ म्हणजे सर्व अस्पृश्य नव्हेत, म्हणून तो पुरावा त्यांनी पुरेसा मानला नाही. येथे त्यांची सावधगिरी दिसते. सोयीचा पुरावा सोडून देणे सोपे नसते. ह्युएन त्संगने खाटीक, कोळी, झाडूवाले इत्यादींची घरे नगराबाहेर असल्याचे नोंदविले, ते त्यांनी सातव्या शतकापूर्वी अस्पृश्यता आली होती ह्याचे गमक धरले. गुप्तकालीन गोवधबंदीशी हा धागा जोडून इ. स. 400 च्या सुमारास अस्पृश्यता जन्मली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ह्या निष्कर्षावर पुढे वाद झाले आणि होत राहतील. पण प्रवाशाच्या एका ओळीला किती वजन द्यावे ह्याचा निवाडा कसा करावा, हे त्या प्रकरणात शिकावयास मिळते.

विद्यापीठांच्या क्षेत्रात हे काम पुढे नेणारे ठळक नाव दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे. वडील पालीचे थोर पंडित. मुलगा गणिती, हार्वर्डचा पदवीधर, पुढे 1962 पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्यांनी तक्षशिलेची आहत नाणी अचूक तराजूवर तोलली आणि नाणे जितके अधिक फिरते तितके ते झिजते, ह्या साध्या गोष्टीवर गणित मांडून नाण्यांचा क्रम लावला. दुसरीकडे ते पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा पायी तुडवीत आणि कार्ले-जुन्नरची लेणी घाटमार्गांवर का आहेत हे जमिनीवर उभे राहून पाहत. त्यांचे सर्वच निष्कर्ष आम्हांस मान्य आहेत असे नाही.

त्यांच्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे ह्यांनी जुन्या खापरांची माती क्ष-किरणांनी तपासण्याची पद्धत वापरली. खापरातील खनिजे कोणत्या प्रदेशाच्या मातीशी जुळतात, ह्यावरून भांडे कोठे घडले हे ओळखावयाचे. रूलेटेड नावाची भांडी बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक भागातून सर्वत्र गेली, असे त्यांनी 1997 साली मांडले. पुढे इतरांनी रासायनिक परीक्षा करून त्यावर शंका घेतली. अशा शंका हेच शास्त्राचे आरोग्य. त्यांनीच सहकाऱ्यांसह चौल येथे उत्खनन केले आणि 'पेरिप्लस'मधले बंदर खापरांच्या व थरांच्या आधारे जमिनीत शोधले. कुंडलिकेच्या मुखाशी झालेले हे काम भौतिकशास्त्र व प्रवासवर्णन ह्यांच्या संयोगाचे आमच्या शेजारचे उदाहरण आहे.

प्रवाशाचे वचन खरे ठरल्याचे एक उदाहरण अजिंठ्याचे. ह्युएन त्संग महाराष्ट्रातील एका गिरिविहाराचे वर्णन करून तो 'ओ-चे-लो' अर्हताने उभारला असे सांगतो. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातील लेखात स्थविर अचलाचे नाव सापडले. चिनी उच्चारातून मूळ नाव ओळखले गेले आणि स्थळ निश्चित झाले. ह्युएन त्संग कुडाला आल्याचे त्याच्या ग्रंथात नाही. तेथे आमचा आधार 'पेरिप्लस'चा तो अनामिक व्यापारी.

मांदाड खरोखरच मंदगोरा आहे का, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. त्यासाठी खाडीचा गाळ किती साचला, दोन हजार वर्षांपूर्वी गलबत कुठपर्यंत येत असेल, काठावरील खापरे कोणत्या मातीची आहेत, हे तपासावे लागेल. लेण्यांचा कालही अजून मुख्यतः अक्षरांच्या वळणावरूनच सांगितला जातो, कारण कोरीव दगडात रेडिओकार्बन चाचणीस लागणारा सेंद्रिय अंश नसतो. भाजे येथे मूळचे लाकूड छताला उरले आहे, तसे कुडा येथे नाही. कुडापासून फार दूर नसलेल्या लोणेरे येथे 1989 साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एका पोढीची लांबी, रुंदी, खोली घेऊन तीत किती पाणी मावते आणि ते किती भिक्खूंस किती दिवस पुरेल, एवढे जरी काढले, तरी अशा दानाचे मोल आम्हांस आजच्यापेक्षा अधिक नेमके कळेल. ह्यासाठी पाली येत असलीच पाहिजे असे नाही. मोजपट्टी, पावसाळ्याआधीचे दोन दिवस आणि बर्जेस-इंद्रजींची लेखांची यादी सोबत असली की पुरे.