बँडसॉ यंत्राची जुळणी आणि कामगाराची सुरक्षितता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधक, पेटंट आणि उत्पादन या तीन बाबींना सर्वसाधारणपणे अग्रक्रम दिला जातो. यंत्र कारखान्यातून निघून कामाच्या जागी आल्यानंतर ते कोण जुळवतो, कोणत्या क्रमाने जुळवतो आणि त्या जुळणीवर कोणाच्या हातांची सुरक्षितता अवलंबून असते, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा येत नाही. लाकूड कापण्याच्या व्यवसायात सर्वत्र आढळणारे बँडसॉ हे यंत्र या दृष्टीने अभ्यासनीय ठरते. दोन चाकांवरून फिरणारे बंद पट्ट्याच्या आकाराचे दातेरी पाते, असे या यंत्राचे साधे स्वरूप आहे. मात्र कल्पना सुचल्यापासून ते व्यवहारात यशस्वी होईपर्यंत सुमारे चार दशके जावी लागली.

प्रस्तुत निबंधात बँडसॉच्या विकासाचा आढावा घेऊन या यंत्राच्या जुळणीचा आज रूढ असलेला क्रम त्या विकासाशी कसा निगडित आहे, हे तपासले आहे. जुळणीतील जवळजवळ प्रत्येक टप्पा हा पूर्वीच्या एखाद्या अपयशातून किंवा अपघाताच्या अनुभवातून निर्माण झालेला आहे, आणि म्हणूनच त्यातील एखादा टप्पा वगळणे म्हणजे तो जुना धोका पुन्हा ओढवून घेणे होय, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी आणि मूळ कल्पना

यंत्रशक्तीचा वापर सुरू होण्यापूर्वी ओंडक्याच्या फळ्या पाडण्याचे काम दोन माणसांच्या लांब करवतीने होत असे. एक जण ओंडक्यावर आणि दुसरा खाली उभा राहून ती ओढत असे. पाणचक्कीवर चालणाऱ्या चौकटीच्या करवतींनी हे श्रम कमी केले, तरी पाते वर-खाली होण्याची पद्धत तीच राहिली. अशा करवतीचा परतीचा फेरा कापण्याच्या दृष्टीने वाया जातो. सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये इंग्लंडमध्ये मिळालेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे. गोल करवतीचे कापणे सलग होते; परंतु मोठ्या ओंडक्यासाठी मोठी आणि जाड चकती लागते व तिच्या जाडीइतके लाकूड भुशात जाते.

सलग कापणे आणि पातळ पाते हे दोन्ही गुण एकत्र आणण्याची कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी मांडली. १८०८-०९ च्या सुमारास त्यांना बँडसॉचे ब्रिटिश पेटंट मिळाले. अमेरिकेत मेन राज्यातील एल्सवर्थ येथील बेंजामिन बार्कर यांना १८३६ मध्ये अशाच यंत्राचे पेटंट देण्यात आले. तथापि या पेटंटांमधून कारखान्यात टिकून राहील असे यंत्र लगेच उभे राहू शकले नाही.

२. सांध्याचा प्रश्न

या विलंबाचे कारण चौकटीत किंवा चाकांत नव्हते. ते पात्यात होते. सरळ पट्टीची दोन टोके जोडून कडे तयार करावे लागे आणि ही जोड टिकत नसे. सांधा टणक केल्यास तो वाकताना तडकत असे, मऊ ठेवल्यास ताणाखाली सुटत असे.

पात्यावर येणाऱ्या भाराची कल्पना आजच्या एका साध्या हिशेबावरून येऊ शकते. १४ इंच व्यासाचे चाक मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल, तर पात्याचा वेग मिनिटाला सुमारे ८९० मीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १५ मीटर होतो. पात्याची एकूण लांबी २.४ मीटर धरली, तर त्यावरील कोणताही बिंदू सेकंदाला सहा वेळा पूर्ण फेरा मारतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोन चाकांवर दोन वेळा वाकून पुन्हा सरळ होतो. तासाभरात ही संख्या ४० हजारांच्या वर जाते. एकदा वाकवल्याने न तुटणारे पोलाद हजारो वेळा वाकवल्यावर तुटते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून १८५० आणि १८६० च्या दशकांत केला. न्यूबेरी यांच्या काळात या प्रश्नाचे शास्त्रच उपलब्ध नव्हते.

प्रश्नाची उकल फ्रान्समध्ये झाली. आन पोलिन क्रेपँ या महिलेने पात्याची टोके टिकाऊपणे जोडण्याची पद्धत शोधून १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. या पद्धतीचे हक्क पॅरिस येथील यंत्रनिर्माते पेरँ यांनी विकत घेतले. जोडण्याच्या या रीतीला त्यांनी अधिक चांगल्या पोलादाची आणि पोलादाला पाणी देण्याच्या सुधारित प्रक्रियेची साथ दिली. या संयोगातून व्यवहारात वापरता येईल असे पाते तयार झाले. यंत्राच्या इतिहासात न्यूबेरी यांचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु सांधा जोडणाऱ्या क्रेपँ यांचे कार्य त्याहून कमी महत्त्वाचे मानता येणार नाही.

पेरँ यांच्या व्यवसायाचा पुढील प्रवासही उद्बोधक आहे. त्यांच्या संस्थेत रेने पानार भागीदार झाले, १८७२ मध्ये एमिल लव्हासोर दाखल झाले आणि १८८६ मध्ये पेरँ यांच्या निधनानंतर ही संस्था पानार-लव्हासोर या नावाने मोटारगाड्यांच्या आरंभीच्या उत्पादकांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आली. लाकूड कापण्याच्या यंत्रांतून मिळवलेले काटेकोरपणाचे कसब नव्या उद्योगाच्या पायाशी होते, असे यावरून म्हणता येते.

बँडसॉच्या प्रसारामागे आर्थिक कारणही प्रबळ होते. २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडताना ६ मिलिमीटर रुंदीचा काप घेणारी गोल करवत सुमारे १९ टक्के लाकडाचा भुसा करते. ३ मिलिमीटरचा काप घेणाऱ्या बँडसॉमध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर येते. मौल्यवान लाकडाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरला.

३. जुळणीचा क्रम आणि त्यामागील अनुभव

लहान सुतारी कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या बँडसॉची जुळणी विशिष्ट क्रमाने केली जाते. हा क्रम माहितीपत्रकात निव्वळ सूचनांच्या रूपात येतो. त्याची कारणे तेथे क्वचितच दिलेली असतात.

(अ) पाया आणि चौकट : जुळणीच्या सर्व काळात विजेची जोडणी पूर्णपणे काढून ठेवणे ही पहिली अट आहे. यंत्राचे वजन वरच्या भागात अधिक असल्याने ते समपातळीवर ठेवून पाणसळीने तपासतात व पायथ्याचे बोल्ट जमिनीत पक्के करतात. पाया हलता राहिल्यास कंपने थेट पात्यापर्यंत पोहोचतात.

(आ) चाकांची सरळ रेषा : वरचे आणि खालचे चाक एकाच प्रतलात आहे की नाही, हे लांब सरळ पट्टी लावून पाहतात. चाकांवरील रबरी आवरण स्वच्छ व अखंड असावे लागते. बहुतेक लहान यंत्रांत या आवरणाचा मध्य किंचित फुगीर असतो. फिरता पट्टा चाकाच्या उंच भागाकडे सरकतो, हे तत्त्व त्यामागे आहे. गिरण्यांतील लाईन शाफ्टवरचे चामडी पट्टे याच कारणाने फुगीर पुलीवर टिकून राहत. बँडसॉने हे तत्त्व पट्ट्यांच्या चलनशास्त्रातून घेतले आहे.

(इ) पाते चढवणे आणि ताण देणे : कापण्याच्या बाजूला पात्याचे दात खाली, टेबलाकडे वळलेले असले पाहिजेत, म्हणजे कापताना लाकूड टेबलावर दाबले जाते. पाते उलटे बसल्यास लाकूड वर उचलले जाऊन कामगाराच्या हातातून सुटू शकते. त्यानंतर वरचे चाक वर घेऊन पात्याच्या रुंदीनुसार ताण देतात. ताण कमी असल्यास पाते भरकटते व चाकावरून उतरते. अति ताणाने सांध्यावर आणि बेअरिंगवर भार येतो. क्रेपँपूर्व काळातील सांध्याचा प्रश्न ताणाच्या या मर्यादेच्या रूपाने आजही शिल्लक आहे. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या एक हजारांशाहून अधिक नसावी, हा व्यवहारातील नियमही त्याच प्रश्नातून आलेला आहे.

(ई) पात्याचा मार्ग : या टप्प्यावर पात्याला आधार देणारी सर्व गाईड मागे सरकवून ठेवतात. वरचे चाक हाताने सावकाश फिरवत त्याचा कल असा बदलतात की, पाते चाकाच्या मध्यावर स्थिर चालेल. गाईड आधी बसवून नंतर मार्ग साधण्याचा प्रयत्न केल्यास गाईड पात्याला बळाने जागेवर ठेवतात व खरा दोष झाकला जातो. यंत्र सुरू झाल्यावर तोच दोष पाते उतरण्याच्या किंवा तुटण्याच्या रूपाने प्रकट होतो. क्रमाचे महत्त्व येथे सर्वाधिक स्पष्टपणे जाणवते.

(उ) गाईड आणि मागचे बेअरिंग : दोन्ही बाजूंच्या गाईडांमध्ये आणि पात्यामध्ये कागदाच्या जाडीइतके अंतर ठेवतात. गाईडची पुढची कड दातांमधील खाचांच्या किंचित मागे असावी. अन्यथा वाकवलेले दात घासून बोथट होतात. पात्यामागचे बेअरिंग सुमारे ०.४ मिलिमीटर दूर असते. लाकूड दाबले जाईपर्यंत ते फिरता कामा नये. हेच काम टेबलाखालच्या गाईडांबाबतही करावे लागते. ते नजरेआड असल्याने अनेकदा राहून जाते.

(ऊ) टेबल, आवरण आणि पहिली चाचणी : टेबल व पाते यांतील काटकोन गुण्याने तपासतात. वरचे गाईड आणि त्यासोबतचे संरक्षक आवरण लाकडाच्या पृष्ठापासून सुमारे ६ मिलिमीटर अंतरापर्यंत खाली आणतात. यामुळे पाते सरळ राहते आणि त्याचा उघडा भाग कमीत कमी उरतो. म्हणजे अचूकता व सुरक्षितता एकाच कृतीने साधते. चाकांची दारे बंद केल्यानंतरच वीज जोडतात आणि प्रथम काही क्षण रिकामे यंत्र चालवून कामगार बाजूला उभा राहतो. पाते तुटलेच तर ते अडवण्याचे काम ही दारे करतात.

जुळणी निर्दोष असली तरी वापराचे नियम संपत नाहीत. बोटे पात्याच्या रेषेत ठेवू नयेत, लहान तुकडा काठीने पुढे ढकलावा, गोल लाकूड व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात धरावे, सैल कपडे व हातमोजे टाळावेत, असे हे नियम आहेत. बटण बंद केल्यावरही चाके काही काळ फिरत राहतात. पाते पूर्ण थांबण्यापूर्वी टेबलावरील तुकडे उचलण्याची सवय विशेष घातक ठरते.

४. आवरणाचा कायदा

आवरणाची गरज केवळ अनुभवावर सोडून देता येणार नाही, ही जाणीव कायद्यात हळूहळू उतरली. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले. भारतात १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात धोकादायक यंत्रांच्या कुंपणाची तरतूद आली. मात्र तो कायदा १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये स्वतंत्र नियम झाले. बँडसॉच्या खालच्या चाकाच्या दोन्ही बाजू बंदिस्त असाव्यात, वरच्या चाकाची पुढची बाजू झाकलेली असावी आणि टेबल व वरचे गाईड यांमधला भाग सोडून संपूर्ण पाते आवरणात असावे, असे त्यांत नमूद होते. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ ने यंत्रांच्या कुंपणाचे तत्त्व कायम केले आणि राज्यांच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांविषयी याच धर्तीच्या तरतुदी आल्या.

५. कायद्याच्या कक्षेबाहेरील कारखाना

कायद्याच्या या वाटचालीत एक मोठी पोकळी राहिली. १९४८ च्या अधिनियमानुसार विजेचा वापर होणारी जागा कारखाना ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १० कामगार असणे आवश्यक होते. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ही संख्या २० करण्यात आली. कारखाना न ठरणाऱ्या इतर आस्थापनांनाही संहिता लागू होते, परंतु सर्वसाधारणपणे तेथे १० किंवा अधिक कामगार असावे लागतात.

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावी फर्निचर बनवणारे अनेक कारखाने मालकासह तीन-चार माणसांचे असतात. तेथे निरीक्षकाची भेट अपेक्षित नसते. वापरलेले यंत्र विकत घेतले जाते तेव्हा माहितीपत्रक सोबत येतेच असे नाही. कामाला अडथळा होतो म्हणून आवरण काढून बाजूला ठेवले जाते. अशा ठिकाणी यंत्र जुळवणारा कारागीर हाच प्रत्यक्षात एकमेव सुरक्षा निरीक्षक असतो. त्याच्या ज्ञानावर इतरांची बोटे अवलंबून असतात आणि त्याची ही जबाबदारी कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

निष्कर्ष

बँडसॉचा इतिहास हा मोठ्या कल्पनेपेक्षा लहान सांध्याचा इतिहास आहे. न्यूबेरी यांची कल्पना क्रेपँ यांच्या जोडकामाविना आणि पेरँ यांच्या पोलादाविना कागदावरच राहिली असती. जुळणीचा रूढ क्रम हा या अनुभवाचा संक्षेप असून ताण, मार्ग, गाईड आणि आवरण ही त्यातील क्रमवार प्रकरणे आहेत. दुसरे असे की, अचूक काम आणि सुरक्षित काम या बँडसॉच्या बाबतीत परस्परविरोधी गोष्टी नाहीत; योग्य जुळणीतून दोन्ही एकत्र साध्य होतात. तिसरे म्हणजे, जेथे कायदा पोहोचत नाही तेथे सुरक्षितता ज्ञानाच्या मार्गानेच पोहोचवावी लागेल. व्यवसाय शिक्षणात जुळणीच्या पायऱ्यांसोबत त्यांची कारणे आणि त्यांचा इतिहास शिकवला गेला, तर लहान कारखान्यातील कारागीर आवरण काढून ठेवण्यापूर्वी निश्चितच थांबून विचार करील. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन केवळ भूतकाळापुरते मर्यादित नाही, याचा प्रत्यय या विषयात विशेषत्वाने येतो.