पिंपळगांव रेणुकाई : माती, पाऊस आणि इतिहास

एखाद्या प्रांताचा इतिहास सांगतांना राजांचीं व लढायांचीं नांवें आधीं आठवतात. ज्या भूमीवर गांवें वसलीं आणि ज्या पावसावर तीं जगलीं, त्यांचा विचार क्वचितच होतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव त्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

या प्रदेशाच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या पलीकडच्या उतारावर पडणारें पाणी तापीस जातें, आणि अलीकडचें पाणी पूर्णेच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. ही पूर्णा निराळी आणि वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा निराळी, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. केळणा, जुई, धामणा या याच खोऱ्यांतील लहान नद्या होत. पावसाळ्यांत त्यांस एकाएकीं पूर येतो, आणि उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांतून पायीं चालतां येतें.

येथील खडक काळा व कठीण आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून बाहेर आलेला तप्त रस थरावर थर सांचून थिजला, त्यापासून हा खडक झाला. तोच झिजून काळी माती तयार झाली. ही माती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते, म्हणून थंडींत पाऊस नसतांहि ज्वारी व हरभरा पिकतो. खालचा खडक मात्र पाणी फारसें सांठवीत नाहीं. भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून जेवढें झिरपेल, तेवढेंच विहिरीस मिळतें.

पावसाची गोष्टहि अशीच आहे. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर आपला भार रिता करून मगच इकडे येतात. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर येथें सरासरीनें साडेसहाशें ते साडेसातशें. त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मृगांत पेरणी साधली, तरी पुढें पावसानें तीन आठवडे ओढ दिली कीं पीक करपतें. म्हणून शेतकरी पाऊस किती पडला एवढेंच विचारीत नाहीं. तो केव्हां पडला, हेंहि विचारतो.

अशा प्रदेशांतहि प्राचीन काळीं मोठें नगर भरभराटीस आलें होतें. केळणेच्या कांठचें भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन. तेथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहुत येथील शिलालेखांत आहेत. १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननांत तेथें सातवाहनकालीन अवशेष निघाले. त्यांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. यावरून या भागाचा व्यापार किती जुना व दूरवरचा होता, याची कल्पना येते.

नदीच्या पात्रानें इतिहास घडविल्याचें उदाहरणहि याच जिल्ह्यांत आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईजवळ शिंदे व भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई यांच्या दुआबांत उभ्या होत्या. नदीस उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं वेलस्लीस सांगितलें. परंतु दोन तीरांवर दोन गांवें समोरासमोर वसलेलीं पाहून, त्यांच्यामध्यें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें. तो तर्क खरा ठरला व इंग्रजांचा जय झाला, तरी त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पाठोपाठ १८०३-०४ मध्यें दख्खनेंत दुष्काळ पडला. त्यास अवर्षणाइतकीच फौजांची लुटालूटहि कारण झाली.

पुढें हा मुलूख निजामाच्या राज्यांत राहिला. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपलें, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें बदललीं तरी पावसाची भीति सरली नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर लाखों माणसें खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामांवर गेलीं, आणि त्या अनुभवांतून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. २०१२-१३ मध्यें जालना जिल्ह्यास पिण्याचें पाणीहि टँकरनें पुरवावें लागलें.

आज पिंपळगांव रेणुकाईचें नांव दूरवर ऐकूं येतें तें हिरव्या मिरचीच्या बाजारामुळें. परप्रांतींचे व्यापारी येथें खरेदीस येतात. मिरची ही मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ती या देशांत आणली. येथील शेतकरी भर उन्हाळ्यांत ठिबकाच्या नळ्या घालून तिची लागवड करतात, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभींच तोडणी सुरू होते व भाव चांगला मिळतो. यांत त्यांचें चातुर्य आहे. पण विहिरींत पाणी सर्वांत कमी असतें, तेव्हांच या पिकास तें द्यावें लागतें. एका चांगल्या हंगामाच्या आशेवर गेल्या पावसाळ्याची सारी शिल्लक खर्चीं पडते, आणि पुढचा पाऊस लांबला तर पीक व पिण्याचें पाणी यांचाच तंटा उभा राहतो.

पाऊस वाढविणें कोणाच्याहि हातीं नाहीं. नाल्यांवर बांध घालणें, शेताचें पाणी शेतांत मुरविणें आणि विहिरीची पातळी पाहून पीक निवडणें, एवढें मात्र गांवाच्या हातीं आहे. भोगवर्धनाचें वैभव मातीखालीं गेलें. त्याच मातीवर आज उभा असलेला हा बाजार किती काळ टिकेल, हें याच विवेकावर अवलंबून राहील.