सोयाबीनचे पदार्थ : कशात किती पोषण?

मन्नाएखेळ्ळी ज्या बिदर जिल्ह्यात आहे, तेथे सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक. मात्र ते ताटात क्वचितच दिसते. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत सुमारे २२. तेल काढलेल्या पिठाच्या सोया वड्यांत हे प्रमाण ५० ग्रॅमच्या पुढे जाते. परंतु भिजल्यावर त्या पाणी शोषून घेत असल्याने शिजलेल्या वाटीत ते बरेच उतरते. टोफूत साधारण ८ ते १५ ग्रॅम, तर सोया दुधात जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. कॅल्शियमच्या क्षाराने साकळवलेला टोफू हाडांनाही पोषक ठरतो. कच्च्या दाण्यांतील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. म्हणून दाणे भिजवून पूर्ण शिजवावेत. शेतकरी कुटुंबाला घरचे दाणेच सर्वांत स्वस्त पडतात.