घर सोडून माणसे का जातात?



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यापैकी एकजण बोलता बोलता म्हणाल्या, "पलीकडे इमारतीच्या कामावर किती माणसे येऊन राहिली आहेत! आपले गावघर सोडून ही माणसे इकडे येतात तरी कशाला?" वाण घेता घेता आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण माझे आजेसासरेही असेच वळकटी काखोटीला मारून रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणीत आले होते. आपल्या मंडळातील पुष्कळजणींच्या घरी हेच घडले आहे. तेव्हा दुसऱ्यांचे कारण विचारण्याआधी आपले शोधावे, असे मनाशी ठरवले. वाचनालयातील पुस्तकांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जे समजले, ते येथे मांडते.

प्रथम गावाकडची बाजू पाहू. कोकणात पाऊस उदंड. पण तो डोंगरावरून धावतो आणि समुद्राला मिळतो. भाताचे एक पीक हाती आले की पुढे उन्हाळाभर जमीन कोरडी. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवावी, तर तीही जेमतेम पोटापुरती. भावाभावांत वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडलेले. त्यात खोती. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पण पुष्कळ गावांत तोच धनी होऊन बसला. कुळाने पिकवलेल्या धान्याचा मोठा वाटा त्याच्या कोठारात जाई आणि वर वेठही करावी लागे. चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून कित्येक वर्षे शेती न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती मोडण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. खोती बंद करणारा कायदा झाला तो मात्र १९४९ साली. तोपर्यंत किती पिढ्या घर सोडून गेल्या असतील, याची कल्पनाच करावी.

आता मुंबईची बाजू. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला गिरणीचे चाक फिरू लागले. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध जुंपले. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख १६ हजारांवर माणसे भरली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८७२ च्या शिरगणतीत तोच आकडा साडेसहा लाखांच्या आत आला! अमेरिकेतल्या लढाईने मुंबईची वस्ती वाढावी आणि तिथल्या तहाने ती घटावी, हे वाचून मला मोठे नवल वाटले. गरिबाच्या पायांना कोणत्या देशातला वारा चालवील याचा नेम नाही, हेच खरे. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी कोकणची माणसे गलबतांनी आणि आगबोटींनी मुंबईच्या धक्क्याला लागू लागली. १९२१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत होती.

परंतु घरी दारिद्र्य आणि शहरात पगार, एवढ्यानेच माणूस निघतो असे नाही. अगदी कंगाल माणसाला तर बोटीचे भाडेही परवडत नाही. निघण्यासाठी पुढे आपले माणूस लागते. गिरणीत जॉबर म्हणून जो असे तो आपल्या गावची, नात्यातली माणसे कामाला लावी. गावकऱ्यांनी मिळून भाड्याची खोली घेतलेली असे; एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर पथारी टाकी. जेवणासाठी खानावळ. ती चालवणाऱ्या बहुतेक बायाच असत. घरच्या चुलीवर दहा-पंधरा कामगारांच्या भाकऱ्या भाजायच्या आणि महिन्याच्या पगारावर पैसे घ्यायचे. वाणसामानासाठी त्यांना सावकाराचे जबर व्याज भरावे लागे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बहिणींना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. आपल्यासारख्या मंडळांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे गेलेल्याची ही कथा झाली. मागे राहिलेलीची कोणी फारशी लिहिलेली नाही. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. मग बाकीच्या बायका कोठे होत्या? त्या गावी होत्या. गिरणीचा पगार असा होता की त्यात एकट्याचे जेवण आणि खोलीचे भाडे भागून चार पैसे गावी जात. बायकामुलांसह शहरात राहणे बहुतेकांना झेपत नसे. गावी बाईने भात लावायचे, कापायचे, झोडायचे, खोताचे देणे भागवायचे, सासूसासऱ्यांचे दुखणे काढायचे. आमच्या आजेसासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मनिऑर्डर आली की पोस्टमन खालच्या दोन ओळी वाचून दाखवी. "पैसे परत कधी येतील ते त्यात असायचं, हे कधी येतील ते नसायचं," असे त्या म्हणत. त्या हसून सांगत. पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

आणि शहराने हात झाडले की माणूस जाई कोठे? याच बाईच्या दारात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हजारो गिरणी कामगार गाव गाठू लागले. दुखणे आले, म्हातारपण आले, संप झाला, तरी गावचाच आसरा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या मिटत गेल्या आणि कितीतरी संसार पुन्हा कोकणात आणि घाटावर परतले. हिशेब केला तर असे दिसते की, गिरणी मालकाने जो पगार कमी दिला त्याची भरपाई गावच्या बाईच्या कष्टाने होत होती. तिचे नाव मात्र कोणत्याही मस्टरवर नव्हते. २०११ च्या शिरगणतीतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. वाट पाहणाऱ्या बायकांचा तो जिल्हा, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपल्या माणसांनी देशाबाहेरही पाऊल टाकले. मॉरिशस बेटावर १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यास १८३४ सालीच प्रारंभ झाला होता. मुंबई बंदरातून कोकणची मराठी माणसेही गेली. कराराची मुदत संपल्यावर पुष्कळजण तेथेच राहिले. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पोटासाठी गेलेल्यांनी देव बरोबर नेला आणि तो तेथे रुजला.

सर्वच माणसे पोटासाठी जातात असेही नाही. कुलाबा जिल्ह्यातील आपले बेने इस्राएल बांधव तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. येथे त्यांचा धर्मावरून कोणी छळ केला नाही. तरीही १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर पुढील वर्षांत त्यांच्यातील बहुसंख्य लोक धर्माच्या ओढीने तिकडे गेले. तेथे गेल्यावर 'हे खरे यहुदी कशावरून?' असा प्रश्न धर्मगुरूंनी काढला. त्याविरुद्ध त्यांना झगडावे लागले आणि १९६४ साली त्यांचा बरोबरीचा मान मान्य झाला. आपल्याच मानलेल्या घरीही आपलेपण मिळवावे लागते, ते असे. याच माणसांनी तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

शिवाय काहींना जायचे नसतानाही जावे लागते. कोयनेचे धरण झाले तेव्हा खोऱ्यातील गावेच्या गावे उठली. त्या पाण्यावरच्या विजेने आपल्या घरी दिवे लागले. उठलेल्यांच्या घरावर पाणी आले.

आता सर्वांत मोठे स्थलांतर कोणते, ते सांगते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या देशात सुमारे ४५ कोटी माणसे जन्माच्या किंवा पूर्वीच्या राहत्या जागेहून दुसरीकडे राहत होती. त्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेकींचे कारण एकच, लग्न! म्हणजे घर सोडून येणारी माणसे पाहायला पलीकडच्या इमारतीपर्यंत जाण्याचे कारण नाही. हळदीकुंकवाला बसलेल्या आपण बहुतेक सगळ्या त्यातल्याच. नव्या घरी पाऊल टाकल्यावर पाण्याचा हंडा कोठे आहे हे विचारायलाही जीभ उचलत नाही, तो पहिला दिवस आपल्यापैकी कोण विसरली आहे? त्या दिवशी जिने आपल्याला नावाने हाक मारली, तीही आपण विसरलेलो नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मजुरांचे लोंढे डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाले, ते आपण सर्वांनी पाहिले. त्या वेळी मी नुसती हळहळले. आता कळते की १८९६ साली आणि १९८२ साली आपलीच माणसे अशी परतली होती. काम थांबले की शहराला माणसाची ओळख राहत नाही; गावी कोणीतरी दार उघडे ठेवलेले असते.

म्हणून माझी एक सूचना आहे. पलीकडच्या कामावर काही कुटुंबे लेकराबाळांसह राहत आहेत. पुढच्या हळदीकुंकवाला त्या बायकांनाही बोलावणे पाठवावे. त्यांची भाषा आपल्याला येत नसली तर अडून राहायचे कारण नाही. कुंकू लावायला आणि वाण द्यायला भाषा लागत नाही. आपण येथे का आलात, असे त्यांना विचारण्याऐवजी गावी घरी कोण आहे, एवढे विचारू.