नाशिकचे ब्राउनिंग आणि अडकणारे काडतूस

शहापूर-मुरबाडच्या परिसरात क्रांतिकारकांचा विषय निघाला की सिद्धगड आणि भाई कोतवाल यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. आजचा धागा मात्र त्याआधीच्या एका प्रकरणाचा आहे. त्याची सुरुवात कसाऱ्याच्या घाटापलीकडे नाशिकात झाली आणि शेवट आपल्या ठाण्याच्या कारागृहात.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन तेथे आले आणि अनंत कान्हेरे या अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. (जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, हेही विसरू नये.) शस्त्र होते ब्राउनिंग पिस्तूल, त्या काळातील अगदी नवे यंत्र.

ते नवे म्हणजे कसे, हे समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात. एखादे फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात असे होत नाही. तेथे झाडलेल्या काडतुसाच्या धक्क्यानेच वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि परत येताना मुठीतल्या मॅगझीनमधील सर्वांत वरचे काडतूस नळीत ढकलते. म्हणजे प्रत्येक गोळी पुढच्या गोळीची सोय करते. ही साखळी कुठेही तुटली की पिस्तूल मुके होते आणि ते मोकळे करायला दुसरा हात व काही क्षण लागतात.

साखळी तुटते ती बहुधा मॅगझीनपाशी. त्याचे पातळ पत्र्याचे ओठ जरा वाकले, तर काडतूस चुकीच्या कोनात वर येते. स्प्रिंग थकली तर ते वेळेवर वर येत नाही. दारू दमट असेल तर धक्का कमी पडतो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही. ब्राउनिंगच्या ७.६५ मिलिमीटर काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात. सैनिक अशा खोडी सरावात शोधून काढतो. भूमिगत तरुणांपाशी मोजकी काडतुसे असत आणि आवाजाची भीती कायम. नवे पिस्तूल भरवशाचे आहे की नाही, हे त्यांनी कुठे पारखावे?

नाशिकचा बेत या अडचणीच्या प्रकाशात पाहावा. कान्हेरे अपयशी ठरल्यास विनायक देशपांडे आणि त्यांच्यामागे कृष्णाजी कर्वे, अशी योजना होती. तिच्याकडे आपण केवळ निष्ठेची साक्ष म्हणून पाहतो. मला तीत यंत्राविषयीचा व्यवहारी संशयही दिसतो. दोनच महिने आधी, २६ ऑक्टोबरला, हार्बिन स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन क्रांतिकारकाने इतो हिरोबुमी यांच्यावर ब्राउनिंगच झाडले होते. त्याचाही एक सहकारी दुसऱ्या स्थानकावर सज्ज होता.

नाशिकात पिस्तूल अडकले नाही. कान्हेरेला जागच्या जागी पकडल्यामुळे ठरल्याप्रमाणे स्वतःला संपवणे मात्र त्याला जमले नाही.

अडचण आली ती पुरवठ्याच्या वाटेवर. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या चोरतळात दडवून ती १९०९च्या आरंभी मुंबईला आणली. वीसही पिस्तुले एकाच पेटीत आणि रहस्य एकाच माणसाच्या पोटात! तोच पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि तपासाचा धागा थेट लंडनपर्यंत गेला.

कान्हेरे, देशपांडे आणि कर्वे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. जॅक्सनच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली.