४ जून १९७६ : एक तारीख, दोन बंडं

‘पंक ही तरुणांची बंडखोरी होती.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. कदाचित स्वतःच्या टिपणात उतरवूनही घेतलं असेल. वाक्य चुकीचं आहे असं नाही. पण हेच वाक्य संशोधन प्रस्तावात लिहून बघा. गाईड लगेच विचारतील : बंड कोणाचं? कोणाविरुद्ध? आणि ते बंड होतं हे तुम्हाला सांगितलं कोणी?

माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘बंडखोरी’ हा शब्द पानोपानी होता आणि या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाही पानावर नव्हतं. म्हणून आज या शब्दाची उलटतपासणी करू. त्यासाठी एकच तारीख घेऊ : शुक्रवार, ४ जून १९७६.

मँचेस्टर, संध्याकाळ

त्या दिवशी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा लंडनचा बँड वाजला. त्यांना बोलावलं होतं हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी. दोघांची ओळख बोल्टनच्या कॉलेजात झालेली. हॉल बराचसा रिकामाच होता, श्रोते जेमतेम काही डझन. पण त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते (पुढे जॉय डिव्हिजन हा बँड त्यांनीच काढला), मॉरिसी होता. म्हणून ही मैफल ‘इतिहास बदलणारी’ म्हणून प्रसिद्ध झाली.

गंमत पुढे आहे. ‘मी त्या रात्री तिथे होतो’ असं सांगणारी माणसं नंतर इतकी वाढली की ती सगळी त्या हॉलमध्ये मावलीच नसती. २० जुलैला पिस्टल्स त्याच हॉलमध्ये पुन्हा वाजले, तेव्हा गर्दी बरीच होती. अनेकांच्या आठवणीत या दोन रात्री मिसळून गेल्या आहेत. खरोखर कोण हजर होतं याचा माग काढायला डेव्हिड नोलन यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं.

इथे थांबा. मुलाखतीत कोणी खोटी (किंवा चुकीची) आठवण सांगितली तर ती मुलाखत फेकून द्यायची का? नाही. १९७६ साली हॉलमध्ये कोण होतं याचा पुरावा म्हणून ती निकामी आहे. पण पुढच्या वीस-तीस वर्षांत ‘तिथे असणं’ ही किती मानाची गोष्ट झाली, याचा तो पक्का पुरावा आहे. साधन तेच, प्रश्न बदलला. साधनचिकित्सा म्हणजे हेच. एखाद्या साधनावर खऱ्या-खोट्याचा शिक्का मारण्याआधी ते कोणत्या प्रश्नाचं साधन आहे, हे ठरवायला लागतं.

तीन कॉर्ड आणि एक चूक

दुसरं उदाहरण बघा. पंकवरच्या बहुतेक लेखनात एका चित्राचा उल्लेख येतो : गिटारच्या तीन कॉर्डच्या हाताने काढलेल्या आकृत्या आणि खाली सूचना, की एवढं आलं, आता बँड काढा. हे चित्र ‘स्निफिन ग्लू’ या फॅनझीनमध्ये आलं होतं, असं तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. (फॅनझीन म्हणजे चाहत्यांनी घरच्या घरी टाइप करून, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून विकलेलं नियतकालिक.) प्रत्यक्षात ते आलं जानेवारी १९७७ मध्ये, ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्याच फॅनझीनमध्ये. ‘स्निफिन ग्लू’ जास्त गाजलेलं. मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ते जुलै १९७६ मध्ये सुरू केलं होतं. गाजलेल्या नावाला दुसऱ्याचं श्रेय चिकटलं, आणि मग एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं. मूळ अंक कोणी उघडलाच नाही.

चूक बारीक वाटेल. पण तुमचा मुद्दाच ‘कोणीही करू शकतं’ असा असेल, तर अनाम, कमी गाजलेल्या माणसाचं काम गाजलेल्याच्या खात्यावर टाकणं म्हणजे मुद्द्यालाच सुरुंग.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ : बंड कोणाविरुद्ध? सोपं उत्तर असतं ‘रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध’. तपासून बघा. सेक्स पिस्टल्सनी ऑक्टोबर १९७६ मध्ये ईएमआयशी करार केला. तो मोडल्यावर ए अँड एमशी, मग व्हर्जिनशी. द क्लॅशने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएसशी करार केला. म्हणजे सर्वांत गाजलेले बंडखोर बड्या कंपन्यांच्या पगारपत्रकावर होते.

मग कंपन्यांना वगळून काही केलं कोणी? त्या मँचेस्टरच्या मैफलीचे आयोजक डेव्होटो आणि शेली यांनी. त्यांचा स्वतःचा बँड होता बझकॉक्स. त्यांनी शेलीच्या वडिलांकडून आणि ओळखीच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ च्या शेवटी चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढली. पहिल्या छपाईत १००० प्रती. कव्हरवर चक्क लिहिलेलं की कोणतं गाणं कितव्या टेकमध्ये झालं आणि मागून काय भरलं. रेकॉर्ड कशी बनते हे गुपित त्यांनी कव्हरवरच उघडं केलं. पुढे ब्रिटनभर छोटी लेबलं निघाली, त्यांच्यापुढे हा नमुना होता.

बंड कुठे होतं हे शोधायला गाण्यातली शिवीगाळ किंवा कानातल्या सेफ्टी पिना बघून भागत नाही. पैसे कुठून आले, छापलं कुठे, विकलं कोणी, हेही बघायला लागतं. हिशेबाची वही हे संगीताच्या इतिहासाचं साधन असू शकतं.

साउथॉल, त्याच दिवशी

आता तारीख तीच ठेवा आणि गाव बदला. ४ जून १९७६. पश्चिम लंडनमधलं साउथॉल, पंजाबी वस्तीचा भाग. तिथे डोमिनियन नावाचं थिएटर होतं, हिंदी सिनेमे लागायचे. त्या थिएटरजवळ गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून ठार केलं.

वस्तीतल्या जुन्या संघटनांची रीत निवेदनं देण्याची, बैठका घेण्याची होती. तरुणांना ती पुरेशी वाटेना. ते रस्त्यावर उतरले, पोलीस ठाण्यावर गेले, आणि त्यातून साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली. हे बंड हल्लेखोरांविरुद्ध होतं, पोलिसांविरुद्ध होतं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ‘जपून राहा’विरुद्धही होतं.

दोन्ही घटना एकाच दिवशी घडल्या हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून कार्यकारणभाव काढू नका. पण योगायोग एक प्रश्न मात्र उभा करतो. ‘१९७६ ची ब्रिटिश तरुणांची बंडखोरी’ म्हटलं की आपल्याला मँचेस्टरचा हॉल आठवतो, साउथॉलचा रस्ता का आठवत नाही? एक कारण साधनांमध्ये आहे. पहिल्या घटनेची नोंद ठेवायला संगीत साप्ताहिकं होती, पुढे नावारूपाला आलेले श्रोते होते, त्यांची आत्मचरित्रं होती. दुसरी घटना पोलिसांच्या फायलींत, स्थानिक वर्तमानपत्रांत, संघटनांच्या कागदांत आणि पंजाबी घरांच्या आठवणींत विखुरली. ग्रंथालयात ही दोन वेगळी कपाटं आहेत. एकावर ‘संगीत’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘वंशसंबंध’. तुम्ही एकाच कपाटासमोर उभे राहिलात तर अर्धंच दिसणार.

दोन रस्ते भेटतात, आणि फाटतात

खरंतर हे दोन रस्ते लवकरच एकमेकांना भेटले. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मैफलीत स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण ठोकलं आणि ईनक पॉवेल या राजकारण्याची बाजू घेतली. संतापून रेड सॉन्डर्स आणि काही मित्रांनी संगीत साप्ताहिकांना जाहीर पत्र धाडलं. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ निघाली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून मोर्चा निघाला तो पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत गेला. तिथे पंक वाजवणारा द क्लॅश आणि रेगे वाजवणारा स्टील पल्स एकाच मंचावर होते.

साउथॉलमध्येही असंच जुळत होतं. मिस्टी इन रूट्स हा रेगे बँड आणि त्यांची पीपल युनाइट ही मंडळी तिथलीच. द रट्स या पंक बँडची पहिली सिंगल १९७९ मध्ये निघाली ती त्यांच्याच लेबलवर. त्याच वर्षी २३ एप्रिलला नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये निवडणूक सभा ठेवली. विरोधात वस्ती रस्त्यावर आली. पोलीस कारवाईत ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावरच्या फटक्याने गेला. मिस्टीचे मॅनेजर क्लॅरेन्स बेकर यांची कवटी फुटली. रट्सनी त्यांच्यावर गाणं केलं.

पीच यांच्या मृत्यूवरचा पोलिसांचा अंतर्गत अहवाल जाहीर व्हायला २०१० साल उजाडलं. फटका पोलिसाचाच असण्याची दाट शक्यता त्यात नोंदवलेली होती. म्हणजे १९९५ साली कोणी यावर प्रबंध लिहिला असता, तर हे कागद त्याला मिळाले नसते. ‘पुरावा नाही’ आणि ‘पुरावा अजून कुलपात आहे’ यांतला फरक तुमच्या लेखनात दिसायला हवा.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण ३ जुलै १९८१ ला साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या पबमध्ये ‘ओय’ प्रकारच्या बँडांची मैफल ठेवली गेली. ओय ही पंकचीच एक शाखा, कामगार वस्तीतली. बाहेरून स्किनहेड पोरं बसने आली, त्यांतल्या काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या. बँडवाले नंतर म्हणाले, आम्ही वंशवादी नाही. पण चग्गर आणि पीच यांचे मृत्यू ज्या वस्तीने पाहिले होते, तिला वाट बघायची नव्हती. साउथॉलच्या पोरांनी पबला घेरलं. रात्री पब जळून खाक झाला.

आता सांगा, त्या रात्री बंडखोर कोण? स्टेजवर पंकचा वारसा सांगणारे, की बाहेर रस्त्यावर उभे असलेले? तीन कॉर्ड कोणालाही वाजवता येतात. स्क्रूड्रायव्हर हा बँडही पंक म्हणूनच सुरू झाला आणि पुढे उघड नवनाझी झाला. ‘बंडखोर वृत्ती’ हे स्पष्टीकरण असतं, तर ती एकाच दिशेला गेली असती. ती गेली नाही. म्हणून बंडखोरीपासून शोधाला सुरुवात करायची, तिथे तो संपवायचा नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी एक छोटा स्वाध्याय देतो. तुमच्या विषयातली सगळ्यांना पाठ असलेली एक तारीख निवडा. मग त्याच दिवसाचं, दुसऱ्या वस्तीतलं किंवा दुसऱ्या भाषेतलं वर्तमानपत्र काढून वाचा. बहुतेक वेळा काही जुळणार नाही, दुपार फुकट जाईल. तरी वाचा, आणि काय सापडलं नाही तेही टिपणवहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे प्रकरण लिहिताना तीच नोंद कामी येते.